पुटाचे दिवस

रातांबे आले. सकाळी चेकनाक्यावर गावाहून येणाऱ्या बसच्या डिकीतून क्रेट उतरवून घेतला, रिक्षात मांडीशी धरला आणि घर येईपर्यंत कुर्त्यावर लाल डाग पडलेसुद्धा. दरवर्षी पडतात. दरवर्षी मी ठरवते की या वेळी जुना कुर्ता घालून जायचं आणि दरवर्षी नेमका चांगला घालून जाते. दार उघडल्याबरोबर वहिनी खुर्चीतूनच म्हणाली, "लागले ना डाग? काढ तो आधी, पाण्यात टाक." क्रेट बघायच्या आधी ती माझा कुर्ता बघते, याचा मला राग येतो. पण बोलते ते बरोबर असतं.

क्रेटवरचं वर्तमानपत्र काढलं आणि तो वास घरभर झाला. आंबट, जरासा गोड, थोडा पाल्याचा. ज्यांच्याकडे पेट्या येतात त्यांचा मे महिना आंब्याचा असेल, आमचा रातांब्यांचा. म्हणजे ज्यांची सालं वाळवून आमसुलं करतात, त्या लालभडक फळांचा. हा वास आला की मला काही वर्षांपूर्वीचा एक मे महिना आठवतो. तो मला अजिबात आठवायचा नसतो. आणि आठवला की वहिनीचं इतकं कौतुक दाटून येतं की काय करावं ते न सुचून मी ओट्यावर भांडी आपटते. ती आतून विचारते, "आता कोणावर चिडलीस?"

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, सुलभा. मी लग्न केलं नाही, का ते विचारू नका, विचारणारे सगळे विचारून दमले. मुलुंड पूर्वेला, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर दादा, वहिनी आणि मी. नणंद-भावजय इतकी वर्षं एका घरात म्हटल्यावर लोक कीव केल्यासारखं बघतात. कोणाची कीव करायची ते त्यांनाही कळत नाही. आम्ही भांडतो रोज. टीव्हीच्या आवाजावरून, कालवणातल्या तिरफळांवरून, पंख्यावरून. पंख्यावरून जास्त, कारण तिला मे महिन्यातही थंडी वाजते.

तिच्या हाडांतल्या मगजाला, म्हणजे रक्त जिथे तयार होतं तिथेच, आजार आहे. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दादानं डॉक्टरांना दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा विचारायचं धाडस त्याला झालं नाही. घरी येऊन वहिनीनंच त्याला समजावलं. माझे वडील कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, त्यामुळे आमच्या घरात काहीही समजवायचं तर गिरणीवरूनच. "हे बघा," ती म्हणाली, "माझ्या हाडांत एक गिरणी आहे. संप नाही, टाळेबंदी नाही, सगळे कामावर हजर. पण कापड जे निघतं ते फाटकं. गेटाबाहेर यायच्या आधीच चिंध्या. म्हणून बाजारात माल नाही." दादा म्हणाला, "मग?" ती म्हणाली, "मग काय, बाहेरून माल आणायचा." म्हणजे दर काही आठवड्यांनी जाऊन दुसऱ्याचं रक्त घ्यायचं आणि ते संपत आलं की परत जायचं. औषधं आहेत, पण मुख्य आधार हा.

तुमच्या-माझ्या अंगात रक्त असतं म्हणजे काय असतं, हे मला वहिनीकडे बघून कळलं. सात-आठ हिमोग्लोबिनवर ती घर चालवते. त्या आकड्यावर माणसाला गुडघ्यांत वाळू भरल्यासारखं होतं म्हणे, कानात सारखा सूं आवाज येतो, बोलता बोलता दम लागतो. म्हणे अशासाठी म्हटलं, की हे मला तिनं कधी सांगितलं नाही, डॉक्टरांना सांगताना मी ऐकलं.

आमच्या जिन्यात तिची एक युक्ती होती, ती माझ्या फार उशिरा लक्षात आली. बाजारातून येताना पहिल्या मजल्यावर ती परबांच्या दारात थांबायची. "काय गो, तुझ्या सुनेची परीक्षा कशी झाली?" दुसऱ्या मजल्यावर शहाबेनकडे. "जरा पाणी दे ना, आणि ते तुझं लोणचं मुरलं का बघू." तिथे स्टुलावर बसून गप्पा, मग वर. बिल्डिंगमध्ये तिचं नाव झालं होतं की सुलभावहिनींना माणसांचं फार. कोणाकडे काय शिजलं, कोणाच्या मुलीला स्थळ आलं, सगळं तिला ठाऊक. मी वैतागायचे, म्हणायचे, बाजारात जाऊन यायला हिला सकाळ पुरत नाही. एकदा मी तिच्यामागून जिना चढत होते. परबांचं दार बंद होतं, कुलूप. वहिनी त्या कुलपासमोर उभी राहिली, भिंतीला हात टेकवून, डोळे मिटून. जरा वेळाने डोळे उघडले, पदर नीट केला आणि मागे वळून मला म्हणाली, "परबीण कुठे गेली बाय?" त्या दिवसापासून मी तिच्या गप्पांबद्दल तोंड उघडलं नाही.

आणि लोकांचं प्रेम. बापरे ते प्रेम. वहिनीला रक्त कमी आहे एवढंच सगळ्यांना कळलं होतं आणि रक्त कमी म्हटलं की आपल्याकडे प्रत्येक बाईच्या अंगात डॉक्टरीण येते. परबीण बीट किसून आणायची. शहाबेन खजूर. वहिनीची गावची चुलत बहीण अळिवाचे लाडू पाठवायची, डबेच्या डबे. कोणी काळ्या मनुका भिजवून आणायची, कोणी लोखंडाची कढई दिली आणि बजावून सांगितलं, भाजी यातच करायची. आता गंमत अशी की वहिनीला लोह कमी नव्हतंच. जास्त होतं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "प्रत्येक पिशवीबरोबर लोह अंगात जातं आणि ते बाहेर पडायला वाट नाही. साठत राहिलं तर हृदयाला त्रास, यकृताला त्रास. वरून आणखी लोह नको." ते कमी करायला एक गोळी होती, पाण्यात विरघळवून घ्यायची. ती घेताना वहिनीचं तोंड खडू खाल्ल्यासारखं व्हायचं. म्हणजे एका हातानं लोह काढायची गोळी आणि दुसऱ्या हातात परबीणकाकूचं बीट.

मी म्हटलं, सांगून टाक ना सगळ्यांना. वहिनी म्हणाली, "काय सांगू? तुम्ही माझ्या जिवावर उठलात म्हणून? बिचारी सकाळी उठून किसते गं." ती सगळं घ्यायची. समोर एक घास तोंडात टाकायची, कौतुक करायची आणि दार लागलं की डबा माझ्या पुढ्यात. "खा." मी म्हणायचे, "मला काय धाड भरलीय?" "खा म्हटलं ना. टाकायचं नाही." अशा रीतीनं आमच्या बिल्डिंगचं सगळं लोह वहिनीच्या दारातून माझ्या पोटात जायला लागलं. तेव्हा मी नाक मुरडून, जमेल तेवढं चुकवून खात होते. हे पुढे कामाला येणार आहे, म्हणून सांगून ठेवलं.

रक्त चढवायला जायच्या दिवसाला ती "पुटाचा दिवस" म्हणते. हे नाव आमसुलांवरून आलं. रातांबा कापायचा, गर आणि बिया वेगळ्या काढून मीठ लावून ठेवायच्या, त्यांना रस सुटतो. सालं उन्हात टाकायची. सालं सुकली की त्या रसात बुडवायची आणि परत उन्हात. परत सुकली की परत रसात. याला पुट देणं म्हणतात. एका पुटाचं आमसूल फिकं, कातड्यासारखं. पुटावर पुट चढलं की काळंभोर, मऊ, नुसतं बोट लावलं तरी जिभेला पाणी सुटेल असं. आजाराआधी ती मे महिन्यात गावी जाऊन माहेरच्या अंगणात हे करायची. आता दोन पिशव्यांच्या मधे एवढा प्रवास नको म्हणून रातांबे इकडे येतात, तिचा भाऊ पाठवतो. पहिल्या वर्षी गच्चीवर सालं उलटी करताना तीच म्हणाली होती, "बघ, माझं पण असंच. सुकले की घाला रसात." मी म्हटलं, "काहीतरीच बोलू नकोस." ती हसत सुटली. तिचं तिलाच इतकं आवडलं की पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना दादाला म्हणाली, "चला, पुट द्यायला."

दवाखान्यातल्या त्या खोलीत एसी असतो, आणि पिशवी थेट थंड पेटीतून आलेली. ती थंडी हातातून खांद्यापर्यंत चढत जाते, असं वहिनी सांगते. म्हणून मे महिन्याच्या घामातसुद्धा आम्ही शाल घेऊन जातो आणि रिक्षावाले बघत राहतात. पिशवीतून थेंब थेंब पडत असतो, वहिनी शालीत गुरफटून बसलेली असते आणि हळूहळू, खरंच बघता बघता, तिच्या ओठांना रंग येतो. मी ते इतक्यांदा बघितलंय, तरी दर वेळी बघते. मग तिचा खेळ सुरू होतो. आज कोण आलंय ते ओळखायचं. "शैले, आज मला गाठिया खावेसे वाटतायत. घाटकोपरचा कोणीतरी असणार." एकदा म्हणाली, "सुका जवळा आठवतोय, हा माहुलचा कोळी." एकदा दिवसभर गप्प होती आणि घरी येऊन आकडेमोड करायला बसली. म्हणाली, "हा पवईचा, कॉलेजातला. डोकं शांत बसू देत नाही." ज्यांचं नाव कधी कळणार नाही अशा माणसांना ती असं घरी आणायची, पाट मांडून बसवायची. कोणाचं तरी घेतलंय याचा तिला संकोच कधी वाटला नाही. ऋण वाटायचं, पण त्याचा रडका सूर नव्हता.

त्या मे महिन्यात रातांबे वेळेवर आले आणि रक्त आलं नाही. मे महिन्यात मुंबईत रक्त आटतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. कॉलेजं बंद, शिबिरं नाहीत, आणि आमच्यासारखी कोकणी माणसं तर शाळेचा शेवटचा पेपर झाला की गावाला. आमची बिल्डिंग ओस पडते. जिन्यात दारादाराला कुलपं. रक्तपेढीतली बाई फोनवर म्हणाली, "मॅडम, एक रक्तदाता घेऊन या, कुठल्याही गटाचा चालेल. तुमच्या पेशंटच्या गटाची पिशवी राखून देते, पण बदल्यात एक पाहिजेच हो, आमच्याकडे फ्रीज रिकामा होत आलाय." वहिनीचं हिमोग्लोबिन पाचाच्या खाली गेलं होतं. तिची वाक्यं मधेच थांबायला लागली होती. "शैले, सालं" एवढं म्हणायची, श्वास घ्यायची, मग "उलटी केलीस?" बिछान्यातून ती आमसुलांचा कारभार बघत होती, कारण पुट चुकलं की बुरशी धरते. दादा इन्सुलिनवर, त्याचं घेत नाहीत. त्यांची मुलगी बंगळुरूला, नुकतीच बाळंत झालेली. राहिले कोण, मी.

मी मोठ्या ऐटीत गेले. पन्नाशी उलटलेली, पण तिन्ही मजले न थांबता चढणारी, आयुष्यात तापानं कधी निजले नाही. बोटाला टोचलं, मशीनमध्ये पट्टी घातली, तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, दहा आहे. साडेबारा लागतं. तुम्हालाच रक्त कमी आहे." मला हसू आलं आणि मग आलं नाही.

घरी आले ती तशीच गच्चीवर गेले, कारण पुटाची वेळ झाली होती. वर गायकवाड उभे. हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, तळमजल्यावर राहतात. त्यांचं मूळ गाव साताऱ्याकडचं, पण तिथे आता कोणी नाही, त्यामुळे मे महिन्यात बिल्डिंगमध्ये उरणारे तेच. त्यांचा आणि वहिनीचा गच्चीवरून उभा दावा. नवीन वॉटरप्रूफिंग केलेलं आणि आमच्या आमसुलांचं खारट पाणी त्यावर सांडतं. जिन्यात त्यांनी फळा लावला होता, गच्चीवर वाळवण घालू नये. वहिनी रोज त्या फळ्याखालून सुपं घेऊन वर जायची.

"शैलाताई, हे बघा, हा डाग," त्यांनी सुरू केलं, "मी किती वेळा सांगितलं."

माझं डोकं फिरलेलंच होतं. "घ्या," मी म्हटलं, "घ्या तुमची गच्ची. उचलून घरात ठेवा. वहिनी वर येत नाही आता, खूश व्हा." आणि मी त्या माणसासमोर, हातात ओली सालं धरून, ढसाढसा रडले.

डाग दाखवणारं बोट त्यांनी खाली घेतलं. मग म्हणाले, "का नाही येत?" मी सांगितलं. पेढी, बदली रक्तदाता, माझे दहा, सगळं. त्यांनी विचारलं, "कुठे आहे ही पेढी? चला." मी म्हटलं, तुम्ही तर दरवर्षी जयंतीच्या शिबिरात देता, आत्ताच एप्रिलमध्ये दिलं असेल, लगेच घेत नाहीत. ते म्हणाले, "या वेळी नाही दिलं. दाढ काढली होती, औषधं चालू होती, परत पाठवलं मला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा चुकलं. तेव्हापासून मनाला बरं वाटत नव्हतं. चला, रिक्षा बघा."

रक्त देऊन आम्ही परत आलो, तर ते घरी न जाता सरळ गच्चीवर गेले. मला वाटलं, आता माणूस विरघळला. तर म्हणाले, "हे बघा ताई, रक्त वेगळं आणि गच्ची वेगळी. ही चादर उचला इथून." मी एक टोक धरलं, दुसरं त्यांनी, रक्त दिलेल्या हाताला पट्टी तशीच, आणि ती सगळी सालं आम्ही पाण्याच्या टाकीवरच्या स्लॅबवर नेऊन पसरली. तिथे वॉटरप्रूफिंग नव्हतं आणि ऊनही जास्त होतं. अजून आम्ही तिथेच वाळवतो.

दुसऱ्या दिवशी वहिनीला पिशवी मिळाली. संध्याकाळी उठून बसली, चहा मागितला, अर्धा प्यायली आणि म्हणाली, "आज मला सारखं कोणाशी तरी भांडावंसं वाटतंय." ती पिशवी गायकवाडांची नव्हती, ते सगळ्या तपासण्या होऊन पुढे कोणाला तरी जातं. हे मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "गप गो. मला कळतं कोणाचं ते." आणि दोन दिवसांनी खाली जाऊन फळ्यावरून त्यांच्याशी खरंच भांडून आली. येताना परबांच्या कुलपासमोर थांबली, तेवढंच.

आजारी माणसानं इतरांचं काय करायचं असतं? बरं व्हायचं आणि लोकांना मोकळं करायचं, एवढंच ना. ती तर बरीही होणार नव्हती, तसं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं. तरी पुढच्या एप्रिलपासून तिनं जिन्यातल्या आपल्या थांब्यांवर बसून नवीन पद्धत घालून दिली. गावाला जाण्याआधी काय करायचं? गॅस बंद, चावी गायकवाडांकडे, तुळशीला पाणी घालायला शैला, आणि रक्त देऊन मग बस धरायची. स्वतःसाठी म्हणून एकदाही म्हणाली नाही. "मे महिन्यात कोणाला तरी लागतंच ना," एवढंच. गायकवाडांनी पेढीला बोलावलं, सोसायटीच्या ऑफिसात खाटा टाकल्या. बाहेर टेबल मांडून वहिनी कोकम सरबत द्यायला बसली, आणि लाद्यांवर सरबताचे डाग पडतात म्हणून गायकवाड दिवसभर फडकं घेऊन फिरले. आता शेजारच्या दोन बिल्डिंगांतली माणसंही येतात. परबांचा मुलगा बॅगा रिक्षात ठेवून येतो, देतो आणि तसाच निघतो.

आणि मी? दरवर्षी बोट टोचून घेत होते, दरवर्षी परत. वहिनीनं हे मनावरच घेतलं. बीट, खजूर, अळीव, मनुका, लोखंडाच्या कढईतली भाजी, सगळं समोर बसून खायला घालायला लागली. चहानं लोह अंगी लागत नाही म्हणून जेवणानंतर लगेच चहा प्यायला बंदी मला, आणि ती स्वतः माझ्यासमोर घोट घोट प्यायची. "मला डॉक्टरांनीच सांगितलाय," म्हणायची. चुकवायची सोय राहिली नाही. ज्यांनी ज्यांनी तिच्यासाठी म्हणून डबे पाठवले, त्यांना अजून ठाऊक नाही ते कुठे पोचले.

या वर्षी तिला जास्त थकवा आहे. दोन पुटांमधलं अंतर कमी होत चाललंय, हे आम्हाला तिघांनाही कळतं. गच्ची बंदच झाली. जिना उतरायचा तर खुर्चीत बसवून, परबांचा मुलगा आणि गायकवाडांचा जावई. तशीच ती गेल्या रविवारी शिबिराला खाली आली आणि सरबताच्या टेबलाशी बसली. मी आत गेले, बोट पुढे केलं. मशीन बघून तिथला मुलगा म्हणाला, "तेरा. झोपा मॅडम." मी त्याला परत बघायला लावलं.

वहिनी एरवी आत येत नाही, कोणाला संकोच नको म्हणून. त्या दिवशी तिनं खुर्ची आत आणायला लावली. माझ्या खाटेशेजारी येऊन बसली. "किती इला तुझा?" मी म्हटलं, तेरा. तिनं मान हलवली, आपणच पास झाल्यासारखी. मी म्हटलं, "तुला नाही चालायचं हे. गट वेगळा आहे."

"बरा झाला," ती म्हणाली. "माका दिला असतंस तर जन्मभर ऐकवलं असतंस." आणि मग म्हणाली, "ज्याका ह्या रगात गावतला, त्याका उद्या सोलकढी आठवतली बघ. आणि भावजयीवर उगाच राग येतलो."

मी हसले, तर मुलानं दटावलं, हात हलवू नका. माझ्या हातातून निघालेली नळी खाली एका छोट्या हलणाऱ्या पाळण्यात ठेवलेल्या पिशवीत जात होती, तिकडे वहिनी बघत होती. माझ्या लक्षात आलं की इतक्या पिशव्या तिनं रिकाम्या होताना बघितल्या, पण भरताना ती पहिल्यांदाच बघतेय. तिनं त्या मुलाला विचारलं, "हात लावू?" तो म्हणाला, "लावा आजी, हळू." तिनं वाकून, धाप आवरत, पिशवीवर तळवा ठेवला. आणि एकदम माझ्याकडे बघितलं.

"शैले," ती म्हणाली, "ह्या गरम असता गो."

पिशवी भरेपर्यंत तिनं हात काढला नाही.